चाक किती फिरलं, हे मोटरला कुठे माहीत?

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडी खांबावर गावोगावची अंतरं कोरलेली आहेत. खांब कुठे रोवायचा हे आधी ठरलं, म्हणून त्या आकड्यांना अर्थ आहे. रोबोटच्या चाकाचंही तसंच: कुठून आणि किती, हे मोजलं तरच अंतराला अर्थ. साधी डीसी मोटर व्होल्टेज मिळालं की फिरते, पण किती फिरली याचा हिशेब तिच्याकडे नसतो. तो ठेवणाऱ्या भागाला एन्कोडर म्हणतात. बॅटरी थोडी उतरली किंवा एक चाक सतरंजीत अडलं, की ‘दोन सेकंद सरळ जा’ असं सांगितलेला बॉट तिरपा जाऊन भिंतीला धडकतो.

नागपूरच्या बर्डी बाजारातून पिवळी बीओ मोटर (छंदाच्या रोबोटांतली स्वस्त गिअर मोटर) आणली असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे २० खाचांची चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बसणारा इन्फ्रारेड सेन्सर. ६५ मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण २०४ मिमी, म्हणजे एका खाचेला सुमारे १० मिमी. पहिल्या बॉटला एवढं चालतं. मात्र सिग्नल एकच असल्याने चाक पुढे गेलं की मागे, हे कळत नाही. शिवाय उघड्या पटांगणात ऊन थेट सेन्सरवर पडलं तर मोजणी बिघडते.

त्यापेक्षा एन२० ही छोटी गिअर मोटर एन्कोडरसकट घ्यावी. मोटरच्या मागच्या दांड्यावर चुंबकाची छोटी चकती आणि शेजारी चुंबक ओळखणारे दोन हॉल सेन्सर, ‘ए’ आणि ‘बी’, असतात. दोन्हींचे सिग्नल एकमेकांच्या पाव आवर्तन मागेपुढे असतात, आणि सगळी गंमत याच पाव आवर्तनात आहे. ‘ए’ शून्यावरून एकवर जाताना ‘बी’ शून्य असेल तर चाक एका दिशेने फिरतंय, ‘बी’ एक असेल तर उलट. दोन्ही सिग्नलचे चढ-उतार मोजले की एका पल्सचे चार ठोके मिळतात. मोटरच्या एका फेऱ्याला ७ पल्स आणि गिअर १:५० (मोटरचे ५० फेरे म्हणजे चाकाचा एक) असेल, तर चाकाच्या एका फेऱ्याला ७ × ४ × ५० = १४०० ठोके. ४३ मिमीच्या चाकाला एक ठोका म्हणजे जेमतेम ०.१ मिमी.

पण ७ हा आकडा डोळे झाकून धरू नका, ३ पल्सच्या मोटरीही मिळतात. गिअरचं छापलेलं गुणोत्तरही बरेचदा ठोकळमानाने असतं. चाकावर मार्करने खूण करा, मोटर हळू चालवून बरोबर १० फेरे होऊ द्या आणि ठोके वाचा. दोन्ही सिग्नलचे सगळे चढ-उतार मोजत असाल तर १४,००० च्या आसपास यायला हवेत. जो आकडा येईल त्याला १० ने भागा आणि तोच प्रोग्रॅममध्ये घाला. चाक हाताने पिळून मोजू नका, बारीक गिअरचे दात जातात.

आता आर्डुइनो उनो, म्हणजे बॉट चालवणारा कंट्रोलर बोर्ड. त्यात बाहेरच्या इंटरप्टसाठी (सिग्नल बदलताच हातचं काम थांबवून मोजणी करायच्या सोयीसाठी) २ आणि ३ या दोनच पिना आहेत. दोन मोटरी असतील तर प्रत्येकीचा ‘ए’ इथे जोडा, ‘बी’ दुसऱ्या कुठल्याही पिनवर. मग फक्त ‘ए’चे बदल मोजले जात असल्याने फेऱ्याची मोजणी कमी, म्हणजे ७०० किंवा ३५०, होईल, तीही पुरते. नवशिक्यांचा हमखास घोळ मोजणी ‘इंट’ या छोट्या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवण्याचा. उनो आर३वर ‘इंट’ ३२,७६७ ला संपतो. फेऱ्याला १४०० ठोके असतील तर बॉट सव्वातीन मीटरच्या आत अचानक ‘मी उणे अंतरावर आहे’ असं समजतो आणि थांबायची जागा आली तरी पुढेच धावत राहतो. ‘लाँग’ हा मोठा प्रकार घ्या, त्याला ‘व्होलाटाइल’ (हा आकडा मधेच बदलू शकतो, अशी सूचना) लावा, आणि वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, नाहीतर चार बाइटांपैकी दोन जुने, दोन नवे असा आकडा हाती येतो.

उनोऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड वापरत असाल तर एन्कोडरला ५ व्होल्ट देऊन त्याचा सिग्नल थेट पिनवर आणू नका, ती पिन ३.३ व्होल्टचीच आहे. तसंच ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप (सिग्नल नसताना पिन ‘एक’वर धरून ठेवणारा रोध) नसतो. बाहेरून १० किलोओहमचा रोध लावला नाही, तर मोजणी कधी होते, कधी नाही.

चाक थांबलेलं असतानाही आकडा वाढतोय? मग दुसऱ्या मोटरचा गोंगाट एन्कोडरच्या तारेत शिरतोय. मोटरच्या दोन टोकांना १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा, एन्कोडरच्या तारा मोटरच्या तारांपासून दूर ठेवा, आणि सगळ्यांचा ग्राउंड एकच आहे ना, ते बघा.

मात्र या एन्कोडरला शून्य नसतं. स्विच बंद केला की मोजणी पुसली जाते. रोबोटिक हाताच्या सांध्याला ते परवडत नाही. तिथे सुरुवातीला हात लिमिट स्विचला (हालचालीच्या टोकाला बसवलेल्या बटणाला) टेकवून शून्य ठरवावं, नाहीतर दांड्यावरच्या चुंबकावरून कोन ओळखणारी एएस५६०० ही चिप लावावी. ती एका फेऱ्याचे ४०९६ भाग करते आणि सुरू होताक्षणी कोन सांगते. तिचं चुंबक मात्र व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं हवं. नेहमीचं, वरखाली ध्रुव असलेलं, चालत नाही. चिप आणि चुंबकात ०.५ ते ३ मिमी अंतर ठेवा. चुंबक थेट लोखंडी दांड्यावर न चिकटवता पितळी किंवा प्लास्टिकच्या टोपीत बसवा. दिशेची पिन मोकळी राहिली तर कोन मधूनच उलटा मोजला जातो, ती ग्राउंडला जोडा. आयटूसी, म्हणजे बोर्डशी बोलायच्या दोन तारांच्या जोडणीवरचा, पत्ता सगळ्या चिपांचा एकच, त्यामुळे दोन सांध्यांना मल्टिप्लेक्सर (आळीपाळीने एकेक चिप जोडणारा भाग) लागतो.

आणि ही टोपी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेली असेल तर मे महिन्यात बॉट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. टोपी जराशी कलली तरी चुंबक केंद्रातून सरकतं आणि एका फेऱ्यातच कोन कुठे पुढे, कुठे मागे दिसू लागतो.