कर्णनाद

कर्णनाद : बाहेर कसलाही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे. आधुनिक वैद्यकात याला टिनिटस म्हणतात. कोणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कोणाला बारीक शिट्टी ऐकू येते, कोणाला कुकरची वाफ सुटल्याचा भास होतो. ‘कान वाजतात’, ‘कानात गुंई होते’ असे सांगत रुग्ण दवाखान्यात येतो. हा स्वतंत्र रोग नव्हे. श्रवणमार्गात कोठेतरी बिघाड झाल्याचे ते लक्षण आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनाद असतो, पण त्याचा तीव्र त्रास सुमारे २ टक्क्यांनाच होतो. या दोन आकड्यांमधले अंतर फार मोलाचे आहे. कानात आवाज असूनही बहुसंख्य लोक आपापली कामे करतात, झोपतात, गप्पा मारतात. त्यांना हे कसे जमते, यावरच उरलेल्यांवरचे आजचे उपचार उभे आहेत.

उगम

आंतरकर्णात कॉक्लिया नावाची शंखाच्या आकाराची नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० केशपेशी असतात. हवेतल्या कंपनांचे विद्युत्‌ संदेशात रूपांतर होते ते यांच्यामुळे. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वय, गोंगाट किंवा औषधांमुळे त्या कमी होऊ लागल्या की मेंदूकडे जाणारे संदेश रोडावतात, विशेषतः उंच पट्टीच्या आवाजांचे. मेंदू ही तूट निमूटपणे सोसत नाही. रेडिओवर केंद्र नीट लागेनासे झाले की आपण आवाज वाढवतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच श्रवणकेंद्रांत घडते : चेतापेशी आपली संवेदनशीलता वाढवतात आणि त्यांची स्वतःची मूळ हालचालच आवाज म्हणून जाणवू लागते. श्रवणचेतेवरची गाठ काढताना ती चेता कापावी लागलेल्या अनेक रुग्णांच्या कानात नंतरही आवाज येतच राहतो, तो यामुळेच.

निरोगी कानांनाही हा अनुभव येऊ शकतो. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकू चांगले येणाऱ्या ८० जणांना अगदी निःशब्द खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांना काही मिनिटांतच कसला ना कसला आवाज ऐकू आला. शांततेत आवाज उघडा पडतो. उन्हाळाभर डोक्यावर पंखा फिरत असताना न जाणवलेली गुणगुण थंडीत पंखा बंद झाल्यावर पहिल्याच रात्री झोप उडवते. ‘एकदम सुरू झाले’ असे सांगणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत ते नुसते उघड झालेले असते.

इतिहास

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांना वेगवेगळे स्थान आहे. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांसारखे आवाज येतात, तर दुसऱ्यात वेणूसारखा. बेथोव्हेनने १८०१ मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस वाजत असल्याची तक्रार आहे. चेक संगीतकार स्मेताना याने १८७६ मध्ये चार तंतुवाद्यांसाठी रचलेल्या एका चतुष्काच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर लांबवलेला तार सप्तकातला एक सूर आपल्या कर्णनादासाठीच घातला. उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव फ्रेंच वैद्य इतार यांचे. १८२१ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी फक्त रुग्णाला ऐकू येणारा आणि तपासणाऱ्यालाही ऐकू येऊ शकणारा असे दोन भेद केले. शिवाय त्रासलेल्या रुग्णाने चुलीत ओले लाकूड जाळून त्याच्या चरचरीजवळ बसावे, पाणचक्कीच्या आसपास राहावे असेही सुचवले. दीडशे वर्षांनी अमेरिकेत ऑरेगनमध्ये जॅक व्हर्नन या संशोधकांनी याच दिशेने कानात बसणारी आवाजाची यंत्रे तयार करवली. पोर्टलंड शहरातल्या कारंज्याजवळ उभे राहिल्यावर एका त्रस्त डॉक्टरांना आपला कर्णनाद ऐकू येईनासा झाला, हे त्यामागचे निमित्त होते.

कारणे

सर्वांत मोठी कारणे दोन : वाढते वय आणि गोंगाट. महाराष्ट्रात गोंगाटाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथील यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटत असतो आणि शेजारच्या कामगाराशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. अशा जागी आठ-बारा तासांची पाळी वर्षानुवर्षे केलेल्या माणसाला उतारवयात कर्णनाद झाला, तर त्यात नवल नाही. गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला आहे आणि त्याची खबर देणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात लहान शेडमधल्या कामगाराची श्रवणतपासणी सहसा होत नाही, ही खंत करण्यासारखीच गोष्ट आहे. मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती, ढोल-ताशा पथकांचा तासन्‌तास चालणारा सराव, कानात खोचून मोठ्याने ऐकलेले इअरफोन हेही याच यादीत येतात. आवाज किती मोठा याइतकेच तो किती वेळ कानावर पडला यालाही महत्त्व असते : ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात असे धरले, तर दर ३ डेसिबल वाढीमागे ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पाव तासावर येते.

कानात घट्ट बसलेला मळ, मधल्या कानातला संसर्ग, ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातले हाड घट्ट बसून न हलणे), चक्कर आणि बहिरेपणा घेऊन येणारा मेनिएर रोग, जबड्याच्या सांध्याचे व मानेचे दुखणे ही आणखी कारणे. जंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन आणि क्विनीन यांनीही कान वाजू लागतात. क्षयरोगावरची इंजेक्शने चालू असताना असे झाल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. औषध स्वतःहून बंद करू नये.

ताबडतोब तपासणी

आवाज फक्त एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धप्‌धप्‌’ होत असेल, सोबत चक्कर, चेहरा वाकडा होणे किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. नाडीबरोबर येणाऱ्या आवाजामागे रक्तक्षय, रक्तवाहिन्यांतला दोष किंवा कवटीतला वाढलेला दाब असू शकतो, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. एका कानाने अचानक, तीन दिवसांच्या आत ऐकू येईनासे होणे ही तातडीची अवस्था आहे. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक होतो. सर्दीने कानाला दडे बसले असतील असे समजून घरी वाट पाहण्यात तो काळ निघून जातो.

मोजमाप

रुग्णाला ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि हातात एक बटण देतात. अगदी बारीक सूर ऐकू आला तरी बटण दाबायचे. त्यातून श्रवणालेख तयार होतो. गोंगाटाने कान खराब झाले असतील तर ४,००० हर्ट्झच्या आसपास रेषेत खड्डा दिसतो. मग ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, निरनिराळ्या पट्टीचे सूर ऐकवत ‘असा आहे का? की याहून बारीक?’ असे विचारत कर्णनादाशी जुळणारा सूर शोधतात. पट्टी सापडली की आवाज हळूहळू वाढवतात आणि एका क्षणी रुग्ण म्हणतो, ‘हाच, एवढाच.’ मोजून पाहता तो सूर ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा बहुधा १० डेसिबलसुद्धा वर नसतो. ज्याने रात्रीची झोप नेली तो आवाज इतका लहान! रुग्ण वाढवून सांगतो असा याचा अर्थ मुळीच नाही. त्रास आवाजाच्या मोठेपणावर ठरत नाही, मेंदू त्याला किती धोकादायक मानतो यावर ठरतो, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून त्रासाची मोजणी वेगळी करतात. १९९६ मध्ये तयार झालेल्या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीतून ० ते १०० असे गुण काढले जातात आणि उपचारांनी फरक पडला की नाही हे त्यावरून पाहतात.

आराम

‘याला औषध नाही, सवय करून घ्या,’ हे वाक्य अनेक रुग्णांनी ऐकलेले असते. त्यातला पहिला भाग खरा आहे : कर्णनाद बंद करणारी गोळी आजमितीला नाही. दुसऱ्या भागात खरे तर उपचाराचे नाव आहे, पण तो कसा करायचा हे न सांगता रुग्णाला दाराबाहेर पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सवय आपोआप होतेच असे नाही. ती करवून घ्यावी लागते आणि तिला महिने लागतात.

पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. नव्या आवाजाला मेंदूतल्या भीतीच्या केंद्रांनी एकदा धोका म्हणून नोंदवले की लक्ष त्याकडेच ओढले जाते. लक्ष गेल्याने तो मोठा भासतो, त्याने चिंता वाढते आणि चिंतेने लक्ष आणखी खिळते. हे चक्र सुटले की आवाज राहतो, पण घरातल्या फ्रिजच्या घुरघुरीसारखा जाणिवेच्या मागे पडतो. म्हणून पहिला उपचार नीट समजावून सांगणे हाच. तपासणीत गंभीर काही नाही आणि आपण बहिरे किंवा वेडे होणार नाही, एवढे कळल्यावरच अनेकांचा अर्धा त्रास उतरतो.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे. बाहेरचे आवाज पुन्हा पोचू लागले की मेंदूला आपली संवेदनशीलता ताणून धरावी लागत नाही आणि कर्णनाद झाकलाही जातो. ‘मला ऐकू येते, फक्त आवाज येतो’ म्हणणाऱ्यांच्या आलेखातही पुष्कळदा उंच पट्टीची तूट सापडते. यंत्राचा संकोच बाजूला ठेवून ते निदान लावून पाहावे.

शांतता टाळावी. रात्री पंखा, पावसाच्या आवाजाची ध्वनिफीत, मोबाइलवरचा तानपुरा, जे मनाला रुचेल ते हळू लावावे. कर्णनाद पूर्ण बुडेल एवढा मोठा आवाज ठेवू नये. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू यावेत, कारण जो ऐकूच येत नाही त्याची सवय कशी होणार? बातम्या किंवा भाषण यांपेक्षा अर्थ नसलेला सलग आवाज झोपेला बरा. उलट, कर्णनादाच्या धास्तीने दिवसभर कानात बोळे घालून राहिल्यास साधे आवाजही असह्य होऊ लागतात.

त्रास कमी करण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा बोधनिष्ठ वर्तनोपचाराच्या, म्हणजे सीबीटीच्या बाजूने आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २८ चाचण्यांतील २,७३३ जणांचा विचार झाला आणि या उपचाराने कर्णनादाचा जगण्यावरचा परिणाम कमी होतो असे दिसले. ‘आता माझे सगळे संपले’, ‘मला कधीच झोप लागणार नाही’ यांसारखे विचार पकडून तपासणे, टाळलेले कार्यक्रम पुन्हा सुरू करणे, झोपेचे वेळापत्रक बसवणे हे त्यात शिकवतात. दीर्घश्वसन किंवा भ्रामरीने ताण हलका होतो, तेवढ्यापुरता त्यांचा लाभ घ्यावा. निराशा खोल असेल, जीव नकोसा झाला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

काय करू नये, हेही तितकेच गरजेचे. लसूण घालून तापवलेले तेल कानात सोडण्याची पद्धत घरोघरी आहे. पडद्याला छिद्र असेल तर त्याने संसर्ग आत जातो आणि तेल आंतरकर्णापर्यंत पोचतच नसल्याने कर्णनादावर त्याचा उपाय होत नाही. काडी, पिन, बड यांनी मळ आणखी आत ढकलला जातो. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलॅटोनिन (झोपेचे संप्रेरक) यांची कर्णनादासाठी शिफारस करू नये असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले, तरी महागड्या बाटल्या विकल्या जातच आहेत. जीभेला सौम्य विद्युत्‌ स्पर्श देत सोबत आवाज ऐकवणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने काहींचा त्रास कमी होतो, पण तोही कायमचा इलाज नव्हे.

सोयी

श्रवणतपासणी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक्‌ व श्रवण या क्षेत्रात काम करते. तेथे तपासणी आणि श्रवणयंत्र बसवणे दोन्ही होते. यंत्राची किंमत हा बहुतेक कुटुंबांपुढचा खरा अडसर असतो. केंद्राच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना, तर २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्र मिळू शकते. शिबिराची वाट न पाहता जिल्हा समाजकल्याण कार्यालयात दोन्हींची चौकशी करावी.