चकचकीत पातेलं खोटं का बोलतं?

परवा गॅसवर पाणी उकळत होतं आणि माझ्या हातात नवं तापमापक होतं. करोनाच्या काळात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळासमोर धरायचा ना, त्याच जातीचं, फक्त जास्त तापमान मोजणारं. शेजारच्या काळ्या लोखंडी तव्यावर रोखलं, आकडा आला २१४. पातेल्याच्या चकचकीत स्टीलवर रोखलं, तर ४३! आत पाणी खळाखळा उकळतंय आणि यंत्राच्या मते पातेलं कोमट. गॅस बंद केला, वायरिंगची काळी चिकटपट्टी पातेल्याच्या पोटाला लावली आणि पुन्हा पाहिलं. ९३.

पातेलं तेच, पाणी तेच. मग मधले ५० अंश गेले कुठे?

या यंत्राचा लाल ठिपका नुसता नेम धरायला असतो, मोजमापाशी त्याचा संबंध नाही. यंत्र फक्त समोरून येणारं प्रारण, म्हणजे रेडिएशन, टिपतं. तापलेला तवा असो की बर्फाची लादी, प्रत्येक वस्तू सतत प्रारण बाहेर टाकत असते. आपल्या त्वचेचं प्रारण सर्वांत जोरदार असतं ते साडेनऊ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) तरंगलांबीच्या आसपास. डोळ्याला ते दिसत नाही. वस्तू तापत गेली की प्रारण झपाट्याने वाढतं (निरपेक्ष तापमान, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसला शून्य धरून केल्विनमध्ये मोजलेलं, दुप्पट केलं तर सोळापट) आणि त्याची तरंगलांबी आखूड होत जाते. साधारण ५२५ अंश सेल्सिअसला ते डोळ्याच्या टप्प्यात येतं. भट्टीतलं कोयत्याचं पातं आधी काळपट लाल, मग नारिंगी, मग पिवळं दिसतं ते यामुळेच, आणि घण कधी मारायचा हे मुरलेला लोहार त्या रंगावरूनच ओळखतो.

पातेल्याचं कोडं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव किरखॉफ यांच्या नियमाने सुटतं. प्रारण शोषून घेण्यात जी वस्तू पटाईत, तीच ते बाहेर टाकण्यातही पटाईत. आलेलं सगळं प्रारण गिळणाऱ्या आदर्श वस्तूला त्यांनी १८६० साली ‘कृष्णवस्तू’ म्हटलं. तिचं प्रारण फक्त तिच्या तापमानावर ठरतं, ती कशाची बनली आहे यावर नाही. चकचकीत स्टील मात्र आलेलं प्रारण परतवून लावतं, म्हणून स्वतःचंही हात आखडूनच सोडतं. यंत्राला पातेल्यावर दिसलं ते बरंचसं माझ्याच स्वयंपाकघराच्या भिंतींचं प्रतिबिंब होतं. आणि इथे काळं म्हणजे डोळ्याला काळं नव्हे. पांढरा कागद चिकटवला असता तरी आकडा जवळपास तोच आला असता. माणसाची त्वचाही, गोरी असो की सावळी, या प्रारणात जवळजवळ कृष्णवस्तूच असते. मला हे फार सुंदर वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या सरकारी मापन संस्थेला दिव्यांच्या उजेडाचं पक्कं माप हवं होतं. त्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी कृष्णवस्तू बनवली. युक्ती साधी होती. आतून तापवलेली बंद पोकळी आणि तिला एक बारीक छिद्र. छिद्रातून आत गेलेला किरण आतल्या आत आपटून विरतो, म्हणजे छिद्र हीच कृष्णवस्तू. पण तिथून निघणाऱ्या प्रारणाचा आलेख त्या वेळच्या कोणत्याच सूत्रात पूर्ण बसेना. ७ ऑक्टोबर १९००, रविवार. हे प्रारण मोजणारे हाइनरिश रुबेन्स हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक यांच्या घरी आले आणि बोलता बोलता आपली ताजी मोजमापं सांगून गेले. प्लांक यांनी त्याच संध्याकाळी आलेखावर बसणारं सूत्र शोधलं. ते सूत्र खरं का, हे दाखवण्यासाठी १४ डिसेंबरला त्यांना मांडावं लागलं की ऊर्जा सलग नव्हे, सुट्या पुंजांत दिली-घेतली जाते. पुंजभौतिकीचा (क्वांटम फिजिक्सचा) जन्म तो हा, आणि त्याच्या मुळाशी होता दिव्याच्या उजेडाचा प्रश्न! पुढे १९२४ साली ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी तेच सूत्र अगदी नव्या वाटेने सिद्ध केलं. आइनस्टाइन यांनी त्यांच्या लेखाचा स्वतः जर्मन अनुवाद करून तो छापायला पाठवला.

एलईडी बल्बच्या खोक्यावर २७०० के किंवा ६५०० के लिहिलेलं असतं, तेही इथलंच. कृष्णवस्तू तितके केल्विन तापवली तर ज्या रंगाने उजळेल, तसा या दिव्याचा उजेड. बल्ब काही तितका तापत नाही.

जानेवारीतल्या निरभ्र रात्री महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपांवर दंव गोठतं, तेव्हा हवा अनेकदा शून्याच्या वरच असते. टप आपलं प्रारण आभाळाकडे सोडत राहतो आणि कोरड्या हवेतून ८ ते १३ मायक्रोमीटरचं बरंचसं प्रारण थेट निसटून जातं. वरून परत येतं ते फार थोडं, म्हणून टप हवेपेक्षाही गार होतो. ढग असले तर ते गोधडीसारखं काम करतात आणि दंव गोठत नाही.

हे आठवून मी त्याच रात्री गच्चीवर गेलो. कठड्यावर यंत्र रोखलं, १७. आभाळावर रोखलं, उणे १२. तो आकडा मुख्यतः हवेतल्या बाष्पाचा. त्याच्याही पलीकडून, सगळ्या दिशांनी, विश्वाच्या बालपणापासून उरलेलं, २.७ केल्विनच्या कृष्णवस्तूसारखं प्रारण येत असतं. ते नीट मोजायला १९८९ साली सोडलेला कोबे उपग्रह लागला, आणि त्याने पाठवलेला आलेख प्लांक यांच्या सूत्रावर तंतोतंत बसला.