मशीन लावायच्या आधी हात लावा : नर्सिंगच्या पोरापोरींसाठी

जुलै महिना, भातलावणी जोरात आणि कुडाळ-सावंतवाडीकडच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या पेशंटची रांग. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, पण तोवर आपल्याकडे डोळे, हात आणि कान असतातच ना. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शारीरिक तपासणी शिकवतात ती नुसती परीक्षेत लिहायला नाही, इथे कोकणात तर पावसाळ्यात रोज कामाला येते.

पद्धती चारच. बघणं, हाताने चाचपणं, बोटाने ठोकून ऐकणं आणि स्टेथोस्कोपने ऐकणं. यातलं बघणं सगळ्यात सोपं वाटतं आणि तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. पेशंट दारातून चालत येतोय तेव्हापासून बघायला लागायचं, दम लागतोय का, एका बाजूला वाकून चालतोय का, एक वाक्य सलग बोलता येतंय का. आपल्या सावळ्या रंगावर फिकेपणा पटकन दिसत नाही म्हणून खालची पापणी ओढून आतली बाजू बघायची, जीभ बघायची, तळहात बघायचा. कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात बघायची आणि तीसुद्धा खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली कावीळ असूनही कळत नाही. श्वास मोजताना मात्र सांगायचं नाही, सांगितलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडी धरल्यासारखा हात धरून ठेवायचा आणि छातीकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं. मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास आणि नाडी ६० ते १००.

आता हात. आधी विचारायचं, पडदा ओढायचा, "काकी, पोटाला हात लावतेय हां" एवढं बोलायचं, हात गार असतील तर चोळून गरम करायचे. अंग तापलंय का ते हाताच्या मागच्या बाजूने जास्त नीट कळतं, नाडी बोटांच्या टोकांनी बघायची, अंगठ्याने नको, अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. सूज असेल तर नडगीवर काही सेकंद दाबून ठेवून सोडायचं आणि खड्डा राहतो का बघायचं.

आणि पोटऱ्या! हे मी प्रत्येक बॅचला सांगते. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू उंदीर-गुरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात उतरतात आणि चिखलात काम करणाऱ्याच्या पायावरच्या बारीकसारीक जखमांमधून अंगात शिरतात. सुरुवातीला हा ताप साध्या तापासारखाच असतो. पण बाई "पोटऱ्यो दुखतत गो" म्हणत असेल, हलकं दाबल्यावरही कळवळत असेल, डोळे लाल असतील पण चिपडं नसतील आणि ती लावणी करून आलेली असेल तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. लघवी कमी झाली का तेही विचारायचं. निदान आपण करायचं नाही, पण वेळेवर सांगणं आपलंच काम, कारण अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर मूत्रपिंड वाचू शकतं.

ठोकणं आपल्याकडे कुणालाही येतं, फणस तयार झालाय का बघायला आपण टिचकी मारतोच, तसंच हे. ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगरने १७६१ मध्ये छाती ठोकून तपासायची पद्धत छापली, त्याचे वडील खानावळवाले होते, तिथे पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून बघायचे असं सांगतात. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर घट्ट टेकवायचं, त्यावर उजव्या मधल्या बोटाने मनगटातून झटकन मारायचं. हवा भरलेलं फुफ्फुस घुमतं, पाणी साठलं असेल तर बद्द आवाज येतो.

पोटाचा क्रम मात्र वेगळा आणि इथेच मार्क जातात. आधी बघा, मग ऐका, मग ठोका आणि शेवटी चाचपा, कारण आधीच दाबलं तर आतड्याचे आवाज बदलू शकतात. दुखतं तिथे सगळ्यात शेवटी जायचं आणि दाबताना डोळे पोटावर नाही, पेशंटच्या चेहऱ्यावर.

ऐकण्याची नळी पॅरिसच्या लेनेकने १८१६ साली कागदाची गुंडाळी करून बनवली. आजच्या स्टेथोस्कोपची चपटी बाजू श्वासाच्या आणि आतड्याच्या बारीक आवाजांना, घंटेसारखी बाजू हृदयाच्या जड आवाजांना. छाती ऐकताना कपड्यावरून नाही, कातडीवर, आणि दोन्ही बाजू तुलना करत.

याचं मोल किती ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातून कळतं. लाल विंचू चावलेल्या माणसांना ते रात्र रात्र बघत बसले, घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुफ्फुसात साठणारं पाणी, आणि १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ही धोक्याची लक्षणं मांडली. पुढे प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून त्यांनी कितीतरी जीव वाचवले. असा विंचू चावलेला पेशंट आला तर बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, हात गार असतील तर तो चुकीचं दाखवू शकतो. पाय गार आहेत का ते हाताने बघा, पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून बारीक चुरचुर येतेय का ऐका, थोड्या वेळाने परत ऐका आणि दर वेळी घड्याळातली वेळ टाकून केसपेपरवर लिहा.