तान्ह्याला काय कळतं?

तान्ह्या बाळाच्या गालाला, ओठाच्या कडेजवळ, हलकेच बोट टेकवून पाहा. तोंड उघडून ते मान त्या बाजूला वळवेल. त्याचाच हात हलता हलता त्याच जागी लागला, तर मात्र बहुतेक वेळा काहीच घडत नाही. फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये हा फरक मोजला. जन्मून एक दिवसही न उलटलेली बाळं दुसऱ्याच्या बोटाकडे जवळपास तिप्पट वेळा वळली. गाल तोच, स्पर्शही तसाच. पण हे आपलं आणि हे परकं, एवढं त्या मेंदूला पहिल्याच दिवशी उमगत होतं. आरशातला चेहरा आपलाच आहे हे कळायला त्याला अजून दीड-दोन वर्षं लागणार असतात. मग पहिल्या दिवसाच्या त्या ओळखीला जाणीव म्हणायचं का? 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही, आणि 'छे, त्याला काय कळतंय' म्हणून उडवून लावणंही आता सोपं राहिलेलं नाही.

पाळण्याशेजारी बसून 'त्याला काय कळतंय' म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बिघडतं. 1980च्या दशकापर्यंत अकाली जन्मलेल्या बाळांच्या मोठ्या शस्त्रक्रियासुद्धा अनेकदा नाममात्र भूल आणि स्नायू लुळे पाडणारं औषध देऊन केल्या जात. मेंदू कच्चा, म्हणून वेदना नाही, असा समज होता. शिवाय एवढ्याशा जिवाला पुरी भूल झेपणार नाही, ही भीती होती आणि ती काही अगदीच पोकळ नव्हती. इंदूरला वैद्यकशास्त्र शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांना मात्र शस्त्रक्रियेहून परतणाऱ्या बाळांची खालावलेली अवस्था खटकली. त्यांनी बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1987 साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात, नेहमीच्या औषधांच्या जोडीला फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक मिळालेल्या बाळांमध्ये ही संप्रेरकं खूपच कमी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. लुळं पडल्यामुळे ज्याला रडताही येत नव्हतं, त्याची साक्ष रक्ताच्या नमुन्यातून निघाली. नवजात बाळांच्या भूल देण्याच्या पद्धती त्यानंतर बदलत गेल्या.

संप्रेरकं वाढली म्हणजे वेदना 'जाणवली'च, असं अर्थात म्हणता येत नाही. जाणवण्यासाठी बातमी मेंदूच्या वरच्या थरापर्यंत, म्हणजे कॉर्टेक्सपर्यंत, पोचावी लागते. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेला बहुतेक मजकूर आधी मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये उतरतो आणि तिथून वर जातो. गर्भात या दोघांना जोडणारे तंतू वाढत जातात, पण कॉर्टेक्सच्या दाराशी येऊन थांबतात. तिथे 'सबप्लेट' नावाचा एक तात्पुरता थर असतो. तंतू काही आठवडे या ओसरीवर बसून राहतात, आणि गर्भधारणेच्या साधारण 24व्या आठवड्यापासून पुढे आत शिरू लागतात. काम झालं की सबप्लेट बराचसा विरून जातो. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसं. रक्तासाठी टाचेला सुई टोचली की 25 आठवड्यांच्या अकाली बाळाच्या कॉर्टेक्समध्येही रक्तप्रवाह वाढल्याचं 2006 मध्ये दिसून आलं. म्हणजे बातमी वर पोचते. तिथे ती ऐकणारं 'कुणी' असतं का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

जन्मावेळी मेंदूचं वजन प्रौढ मेंदूच्या जेमतेम पाव असतं, आणि वर्षभरात आकार दुप्पट होतो. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, बहुतेक आधीच तयार असतात. वाढतं ते त्यांच्यातल्या जोडण्यांचं जाळं. पीटर हुटेनलोकर यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंमधल्या या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलामध्ये त्या प्रौढापेक्षा जवळपास दीडपट दाट होत्या. पुढे वापरात नसलेल्या छाटल्या जातात.

बोलता न येणाऱ्याला प्रश्न विचारायचा तर तो त्याच्या भाषेत विचारावा लागतो, आणि तान्ह्याची भाषा म्हणजे चोखणं. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी 1980 मध्ये तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात यंत्राला जोडलेली चोखणी दिली. बाळं थोडं चोखतात, थांबतात, पुन्हा चोखतात. काही बाळांसाठी हा मधला थांबा नेहमीपेक्षा लांबला की आईचा आवाज लागे, आखडला की दुसऱ्या बाईचा, बाकीच्यांसाठी उलट. बाळांनी आपली लय बदलली आणि आईचा आवाज लावून घेतला. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यात बाळ नुसतं दचकत नाही, निवड करतं.

आवाज ओळखणं आणि समोर काय आहे याचं भान येणं, यांत तरीही अंतर आहे. प्रौढांना एखादं चित्र क्षणभर दाखवलं, तर मेंदूत आधी एक झटपट प्रतिसाद उमटतो. तो चित्र नकळत निसटलं तरी उमटतो. चित्र खरोखर 'दिसलं', तरच साधारण 300 मिलिसेकंदांनी दुसरी, टिकून राहणारी लाट येते. सिद कुईदेर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 5, 12 आणि 15 महिन्यांच्या बाळांच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून, त्यांना चेहरे क्षणभर दाखवून हीच दुसरी लाट शोधली. ती सापडली, पण सावकाश. वर्षाच्या पुढच्या बाळांत ती पाऊण सेकंदानंतर आली. पाच महिन्यांच्या बाळांत ती क्षीण होती आणि आणखी उशिरा आली. 'बुवाऽऽ कुक!' करून आपण पुन्हा हाताआड लपलेलो असतो, तेव्हा त्या बाळाच्या मेंदूत आपला चेहरा कदाचित नुकता कुठे उगवत असतो.