अ‍ॅन्युप्लॉइडी म्हणजे अस्थिरता नव्हे

सेल लाइनचा, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींचा, कॅरिओटाइप (गुणसूत्रांचा नकाशा) हाती येतो, ४६ ऐवजी ६४ गुणसूत्रं दिसतात आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "ही लाइन अस्थिर आहे." मला हे फार खटकतं. त्या आकड्यावरून संख्या बिघडली आहे एवढंच कळतं, म्हणजे अ‍ॅन्युप्लॉइडी. ती अजूनही बिघडतेच आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि अस्थिरता त्याला म्हणतात. पहिली अवस्था आहे, दुसरी वेग.

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते. कितीही विभाजनं झाली तरी बहुतेक पेशींत ४७च सापडतात. संख्या चुकलेली, पण टिकून राहिलेली.

आतड्याच्या कर्करोगाच्या दोन लाइन शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. एचसीटी-११६ मध्ये साधारण ४५ गुणसूत्रं असतात आणि ती बऱ्यापैकी स्थिर राहतात. तिचा दोष डीएनएतल्या बारीक चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेत आहे. एचटी-२९ मध्ये मात्र एकाच डिशमधल्या पेशींचे आकडे जुळत नाहीत. लेंगॉअर, किन्झलर आणि फोगेलस्टाइन यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की अशा अस्थिर लाइनमध्ये दर पिढीला प्रत्येक गुणसूत्र कमी-जास्त होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून जास्त असतं.

ही चूक घडते कशी, हे पाहण्यासारखं आहे. विभाजनाच्या वेळी गुणसूत्राला ओढणारे तंतू जिथे चिकटतात, ती जागा म्हणजे कायनेटोकोर. एकाच कायनेटोकोरला कधी कधी पेशीच्या एका ध्रुवाऐवजी दोन्ही ध्रुवांकडचे तंतू चिकटतात. कोणताही कायनेटोकोर रिकामा नसल्यामुळे पेशीच्या तपासणीत हे सापडत नाही. विभाजन सुरू होतं, बाकीची गुणसूत्रं दोन्हीकडे सरकतात आणि हे एक मधेच रेंगाळतं. पुढे ते छोट्या वेगळ्या केंद्रकात अडकू शकतं. त्याचं आवरण फाटलं तर आतल्या डीएनएचे तुकडे होतात. पी५३ हे विभाजन रोखू शकणारं प्रथिन शाबूत असलेली पेशी अशा चुकीनंतर बहुतेकदा थांबते. हीला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लाइनमध्ये विषाणूच्या ई६ प्रथिनाने पी५३ निकामी केलेलं असल्यामुळे तशी पेशी पुढे विभाजत राहू शकते. फक्त टेलोमरेज (गुणसूत्रांची टोकं राखणारं एन्झाइम) देऊन अमर केलेली आरपीई-१ ही डोळ्यातल्या पेशींची लाइन ४६च्या आसपास राहते, पण तिच्याही एक्स गुणसूत्राला १०व्याचा जादा तुकडा जोडलेला आहे.

म्हणून अस्थिरता तपासायची तर एका पेशीपासून क्लोन वाढवा, काही पिढ्यांनी फिश करून (म्हणजे गुणसूत्रांना चमकणारे रंग लावून) अनेक पेशी मोजा आणि आकडे किती पसरलेत ते बघा. लाइन बदलत राहते याने फरक पडतो: २०१८ मध्ये एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या एकाच लाइनचे वेगवेगळ्या ठिकाणी वाढवलेले २७ स्ट्रेन तपासले, तेव्हा काही स्ट्रेनवर जोरदार चाललेल्या औषधांपैकी निदान ७५ टक्के औषधं इतर काही स्ट्रेनवर अजिबात चालली नाहीत.