आंब्याखालची हिरवळ

आमच्या अंगणातल्या आंब्याखाली आम्ही तीनदा लॉन लावलं. पावसाळाभर ते तग धरायचं, दिवाळीपर्यंत विरळ व्हायचं आणि शिमग्याला पुन्हा उघडी माती. खत वाढवलं, पाणी वाढवलं, पण दुखणं वेगळंच होतं.

लॉनमधली हरळी ही उन्हाची वनस्पती. ऊस, मका, ज्वारीसारखंच तिचं प्रकाशसंश्लेषण ‘सी-४’ पद्धतीचं. पानाच्या आतल्या पेशींत ती आधी कार्बन डायऑक्साइड दाटीने भरते आणि मग त्याची साखर करते. रणरणत्या उन्हात ही युक्ती फार कामाची, पण तिच्यासाठी कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू जादा मोजावे लागतात. भर दुपारी उघड्यावर साधारण १,००,००० लक्स उजेड असतो, तेव्हा हा खर्च सहज परवडतो. दाट आंब्याखाली त्यातला फारच थोडा पोचतो. श्वसनातच सगळी कमाई जाते, साठा संपतो आणि हरळी मरते.

अशा सावलीत हरळीऐवजी चालतं ते ‘मोंडो ग्रास’. नर्सरीत या नावाने मिळत असलं तरी ते गवत नाहीच. ऑफिओपोगॉन जॅपोनिकस हे त्याचं शास्त्रीय नाव आणि कुळ चक्क शतावरीचं! मूळचं चीन-जपानकडचं, जपानी लोक त्याला ‘सापाची दाढी’ म्हणतात. सावलीतल्या पानाचा श्वसनखर्च कमी असतो, त्यामुळे थोड्या उजेडातही काहीतरी शिल्लक पडतं. अशी चिवट, गडद पानं झाड लवकर टाकत नाही, म्हणून ते बारमाही हिरवं. वाढ मात्र अगदी सावकाश, आणि मला तर तोच त्याचा मोठा गुण वाटतो. कापणी लागतच नाही.

एखादं रोप उपटून मुळं धुवून पाहा. जागोजागी पांढरट, टपोऱ्या गाठी दिसतील, शतावरीच्या मुळांची जणू पिल्लंच. त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं. आंब्याची मुळं मातीतलं पाणी ओढत असताना हा साठा उपयोगी पडतो. तरी पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं.

लावायचं ते जून-जुलैत. ठोंब हातानेच सोडवून चार-सहा पानांचे जुडगे करायचे आणि १०-१५ सेंटीमीटरवर लावायचे. कुदळ अजिबात नको, आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. खुरप्याने रोपापुरतीच माती उकरावी, बुंध्याला भर घालू नये. आंब्याचा जाड पाला मात्र वरचेवर वेचायचा, नाहीतर आहे तेवढाही उजेड अडतो.

वेचताना पानं बाजूला सारून बुडाशी पाहावं. कधीतरी तिथे गर्द निळे मणी सापडतात. ते फळासारखे दिसले तरी ती उघडी बीच असते.