एकच गाळ, दोन वर्ग: व्हेनिसच्या खाजणातल्या धातूंची पार्श्वभूमी

खाजण म्हटले की गोव्यात बांध घातलेली खारी शेते डोळ्यांपुढे येतात. इथे अर्थ भूगोलाच्या पुस्तकातला, वाळूच्या दांड्यांनी समुद्रापासून अडवलेल्या उथळ पाण्याचा. व्हेनिसचे खाजण सुमारे ५५० चौरस किलोमीटर, सरासरी खोली जेमतेम मीटरभर.

जुना इतिहास एवढ्यापुरताच लागतो की खाजण भरून जाऊ नये म्हणून तिथल्या प्रजासत्ताकाने मोठ्या नद्या शतकानुशतके बाहेर वळवल्या. येणारा गाळ आटला, खाऱ्या गवताचे पाणथळ पट्टे झिजू लागले. त्यामुळे कालव्यातून उपसलेला गाळ तिथे कचरा नसतो, तो पट्टे भरून काढायला हवा असतो. पण १९१७ पासून काठावर मार्घेराचे उद्योगबंदर वाढले आणि जस्त, कॅडमियम, शिसे, क्लोरीन बनवताना वापरलेला पारा असे सगळे त्याच गाळात उतरले.

१९९३ साली उपशाच्या गाळाचे अ, ब, क वर्ग ठरले. अ वर्गाचा गाळ पाण्याला लागून वापरायचा, ब आणि क उत्तरोत्तर कडक बंदिस्तीत, त्यापलीकडचा खाजणाबाहेर. अ वर्गाची मर्यादा दर किलो कोरड्या गाळामागे पारा ०.५, कॅडमियम १, शिसे ४५, जस्त २०० मिलिग्रॅम आणि क्रोमियम फक्त २०. खरी गोम या २० मध्ये होती. जगभरच्या शेल खडकात, म्हणजे दगड झालेल्या चिकणमातीत, क्रोमियमची सरासरी ९० च्या आसपास असते, म्हणजे कारखान्याचे तोंडही न पाहिलेली बारीक चिकणमाती अ मधून बाद होऊ शकत होती. त्यात प्रयोगशाळेची पद्धत आडवी येते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाने नमुना पूर्ण विरघळवला की खनिजात अडकलेले क्रोमियमही मोजले जाते. आम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) त्यातले बरेचसे सुटत नाही. एकाच बरणीतला गाळ एकीकडे अ, दुसरीकडे ब. वाळू जास्त असली तर आकडा आपोआप उतरतो, म्हणून ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढल्याशिवाय किंवा चिकणमातीचे प्रमाण दाखवणाऱ्या ॲल्युमिनियमशी गुणोत्तर घेतल्याशिवाय दोन ठिकाणांची तुलना करण्यात अर्थ नाही.

शिवाय ‘एकूण धातू’ म्हणजे जिवांपर्यंत पोचणारा धातू नव्हे. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात कॅडमियम, शिसे, जस्त गंधकाशी जोडून सल्फाइड होतात आणि जखडून बसतात. थंड, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात सुटलेले सल्फाइड आणि धातू मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी कणांच्या संख्येत, मोजायचे. सल्फाइड वरचढ असेल तर या धातूंचा धोका कमी. मात्र बरणी काठोकाठ भरून लगेच गोठवायला हवी. हवा लागलेल्या नमुन्यात सल्फाइड उडून जाते आणि निष्कर्ष उलटा निघतो. पाऱ्याला हा हिशेब लागू नाही: त्याच काळ्या थरात सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचे मिथाइल-पारा हे जिवांत साठणारे विषारी रूप करतात.

बरणीत जे होते तेच उपशातही होते. गाळ हवेशीर पाण्यात ढवळला की लोहाचे सल्फाइड आधी विरते, कॅडमियमचे मागाहून. १९८३ साली आणलेल्या फिलिपीनी शिंपल्यांसाठी यंत्राने तळ खरवडणे सुरू झाले आणि हा प्रयोग रोजचा झाला. तरी कागदोपत्री हिशेब मात्र उपशाच्या गाळाचाच राहिला. २०२० पासून मोठ्या भरतीला खाजणाच्या मुखांवर पूर अडवणारे दरवाजे उठतात, तेवढा वेळ समुद्राशी देवघेव थांबते. २०२३ च्या नव्या नियमांत रसायनाबरोबर जिवांवरच्या चाचण्या आल्या. तीस वर्षे उशिरा.